निवडक लॉर्ना आणि श्रोत्याचं मत

आवाज नीट येतोय ना? बरं.

गेल्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. कलेबद्दल मत देण्याचा अधिकार कोणाला? ज्याला त्यातलं कळतं त्याला, की जो ऐकतो त्या प्रत्येकाला? हा प्रश्न हवेत सोडवत बसण्यापेक्षा एका उदाहरणावर घासून बघावा असं आम्ही ठरवलं. उदाहरण जरा लांबचं आहे. गोव्याची एक जॅझ गायिका, तिच्या गाजलेल्या गाण्यांचं संकलन, आणि ते ऐकणारी आपली अंबाजोगाईची माणसं.

लॉर्ना कोर्देरो हे नाव आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही. गोव्यात आणि मुंबईतल्या गोवेकर वस्तीत मात्र नुसतं 'लॉर्ना' म्हटलं की पुरतं. त्या साठच्या दशकात मुंबईत गायला लागल्या. क्रिस पेरी हे मडगावचे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे, स्वतः गाणी रचणारे. त्यांच्या वाद्यवृंदाबरोबर लॉर्ना मुंबई-कलकत्त्याच्या नाइटक्लबांमधून गायल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या जोडीच्या कोंकणी तबकड्या निघाल्या. 'बेबदो', 'पिसो', 'लिस्बोआ', 'रेड रोझ', 'नाचूंया कुंपासार' ही त्यातली गाजलेली नावं. भाषा कोंकणी, पण ट्रम्पेटची फेक, ताल आणि गळ्याची फिरत ही अमेरिकन जॅझच्या घराण्यातली. पुढं लॉर्ना गायच्या थांबल्या. दोन दशकांहून अधिक काळ थांबल्या. १९९५ मध्ये रॉनी मोन्सेराट यांच्याबरोबर 'हॅलो लॉर्ना' घेऊन त्या परतल्या. २०१४ साली बारद्रॉय बार्रेटो यांचा 'नाचूंया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट आला, तो याच गाण्यांवर उभा आहे. त्याला सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, बीड जिल्ह्याचा आणि जॅझचा काय संबंध? संबंध आहे, फक्त तो आपल्याला कोणी सांगितला नाही. सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, पुणतांब्याचे. त्यांच्या १९५१ च्या 'अलबेला'त वाजणारा ट्रम्पेट चिक चॉकलेट या गोवेकर वादकाचा आहे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना बांधणारे सबॅस्टियन डिसूझा गोव्याचे. प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस गोव्याचे, आणि 'अमर अकबर अँथनी'तलं ते नाव यांच्यावरूनच आलं. तेव्हा यात्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये बसून आपण जॅझ ऐकतच होतो. त्याला आपण 'सिनेमाचं म्युझिक' म्हणत होतो, एवढंच.

तर काही महिन्यांपूर्वी आम्ही घरीच दहा-बारा माणसं जमवली आणि लॉर्नाच्या निवडक गाण्यांची यादी लावली. इंटरनेटवर अशा याद्या मिळतात. आम्ही चौदा गाणी घेतली. अट एकच घातली, की प्रत्येकानं आपलं मत सांगायचं आणि ते का, तेही सांगायचं.

पहिलं मत आमच्याच वयाच्या एका निवृत्त शिक्षकांचं. "ही बाई ओरडते. गाणं कुठंय यात?" दुसरा एक तरुण, लग्नाच्या वरातीत साउंड सिस्टिम लावतो. तो म्हणाला, "सर, बीट भारी आहे, पण बेस कमी." तिसऱ्या बाई म्हणाल्या की सगळी गाणी एकसारखीच वाटली. चौथे आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ही मागं राहते आणि बरोबर पोचते."

या वाक्यापाशी आपण थोडं थांबू. जॅझ गाणारे जो शब्द तालाच्या नेमक्या ठोक्यावर पडायला हवा, तो मुद्दाम जरासा उशिरा टाकतात. वाद्यवृंद पुढं चाललेला असतो, आवाज मागं रेंगाळतो, ऐकणाऱ्याला वाटतं आता चुकणार, आणि ओळीच्या शेवटी तो अलगद जागेवर येतो. भजनात बुवा एखादा शब्द लांबवतो, पखवाजवाला त्याच्याकडं बघत बसतो, आणि बुवा समेवर बरोबर येतो, तशीच ही गंमत. पेटीवाल्यांना जॅझ हा शब्द माहीत नव्हता, कोंकणी अर्धीमुर्धी कळत होती. पण आयुष्यभर ज्याच्यामागं पेटी धरली त्या बुवाच्या सवयीनं त्यांचा कान तयार झाला होता.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७५७ मध्ये अभिरुचीच्या निकषावर एक निबंध लिहिला. त्यात 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीतला एक किस्सा त्यानं घेतलाय. दोन चवदार माणसांना एका पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण किंचित चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक किल्ली निघाली, चामड्याच्या वादीला बांधलेली. ह्यूमचं म्हणणं असं, की रुची ज्याची त्याची असली तरी वस्तूत काहीतरी असतंच, आणि ते काहींना आधी लागतं. असा जाणकार व्हायला काय लागतं? सूक्ष्म संवेदना, सराव, तुलना करण्याची सवय, पूर्वग्रह बाजूला ठेवण्याची तयारी आणि शहाणपण. आमचे पेटीवाले म्हणजे किल्लीची चव लागलेला माणूस. आणि शिक्षक? त्यांचा सराव नाट्यगीतांचा. तो सराव खोटा नाही. पण तुलनेसाठी त्यांच्याकडं दुसरं मापच नव्हतं, म्हणून मोकळा आवाज त्यांना ओरडणं वाटला.

'सगळी एकसारखी' या मताकडंही बघायला पाहिजे. दोष श्रोत्याचा की संकलनाचा? गाजलेल्या गाण्यांचा संग्रह हा प्रकार मुळात व्यापाऱ्यानं काढला. अमेरिकेत १९५८ साली कोलंबिया कंपनीनं जॉनी मॅथिस या गायकाची अशी तबकडी काढली. या प्रकारातली ती पहिली मानतात, आणि ती तिथल्या खपाच्या यादीत ४९० आठवडे राहिली, म्हणजे नऊ वर्षांहून जास्त. मग सगळ्यांनीच काढल्या. आपल्याकडं कॅसेटच्या काळात तर गावच्या बाजारात निवडक गीतांशिवाय काही मिळत नव्हतं. यात होतं काय, की प्रत्येक गाणं हे शेवटचं पक्वान्न असतं. मधली आमटी-भात नाही, मीठ-लिंबू नाही. नाइटक्लबात लॉर्ना रात्री गायच्या तेव्हा एखादं गाणं रेंगाळणारं, एखादं नुसतं वादकांना मोकळं सोडणारं असणार. तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत सगळं आवरायचं. जॅझचा जीव उत्स्फूर्तपणात, आणि तो जीवच तिथं कातरला जातो. तशी चौदा गाणी एकापाठोपाठ एक ऐकली की पुरणपोळी खाल्ल्यावर चौदावी पुरणपोळी.

आपल्या गावातही असं निवडक प्रकरण आहे बरं का. दासोपंतांच्या 'गीतार्णवा'च्या सव्वा लाख ओव्या सांगितल्या जातात. आपल्यापैकी किती जणांनी वाचल्यात? हात वर करू नका. आपण सगळे दासोपंतांना ओळखतो ते पासोडीवरून, कापडावर लिहिलेल्या त्या 'पंचीकरणा'वरून. पासोडी म्हणजे आपलं संकलन. तिच्यामुळं दासोपंत लक्षात राहिले हेही खरं, आणि तिच्यामुळं बाकीचं वाचायची गरज वाटेनाशी झाली हेही खरं.

शिवाय निवड कोण करतो, हा प्रश्न राहतोच. बिली हॉलिडे ही कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका. कृष्णवर्णीयांना जमावानं झाडाला लटकवून मारण्यावरचं 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणं तिनं १९३९ मध्ये गायलं. तिच्या नेहमीच्या कोलंबिया कंपनीनं ते मुद्रित करायला नकार दिला, म्हणून ते कमोडोर या छोट्या कंपनीकडं झालं. आता पुढं कोलंबियाच्या मालकीच्या ध्वनिमुद्रणांतून कोणी निवडक बिली काढली, तर ज्या गाण्यानं ती जगाला माहीत झाली तेच त्यात नसणार. श्रोता बिचारा यादीवर मत देतो आणि त्याला वाटतं आपण गायिकेवर मत दिलं.

इथवर सगळं सोपं आहे. अवघड पुढं आहे.

त्या बैठकीत एक बाई होत्या. नाव सांगत नाही. धारूरकडच्या, पूर्वी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या, आता इथं घरकाम करतात. आमच्या घरी रोज येतात, म्हणून आम्हीच आग्रहानं बसवलं होतं. आपल्या जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमारास किती माणसं कोयता घेऊन कारखान्यांकडं जातात हे आपल्याला सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, ती फिटेपर्यंत काम. 'बेबदो' लागलं तेव्हा बाकीचे पाय हलवत होते. बेबदो म्हणजे आपला बेवडा. गाण्याचा विषय दारुडा, आणि चाल अशी की बसवत नाही. त्या बाईंनी शब्द ओळखला. गाणं संपल्यावर आम्ही त्यांना मत विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, आवाज लई चांगला हाय बाईचा. पर मला हे गानं नको. ह्येच्यावर नाचता येत नाही मला."

आणि आम्ही काय केलं? चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं म्हटलं, "बरोबर आहे, पण तो वेगळा मुद्दा झाला," आणि पुढचं गाणं लावलं. त्या गप्प बसल्या. नंतर सगळ्यांना चहा द्यायला त्याच उठल्या.

त्या रात्री आम्हाला झोप नीट लागली नाही. वेगळा मुद्दा म्हणजे काय? कोणी ठरवलं तो वेगळा? तर ते ठरवलं कांटनं. १७९० च्या ग्रंथात इमॅन्युएल कांट म्हणतो, 'मला रुचतं' आणि 'हे सुंदर आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनरी बेटांची वाइन छान आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला 'तुला छान लागते' असं म्हण म्हणून दुरुस्त करता येतं. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असं आपण म्हणतो तेव्हा सगळ्यांच्या वतीनं बोलत असतो. इतरांनीही मान्य करावं अशी आपली मागणी असते. आणि ही मागणी करण्याचा हक्क केव्हा? तर त्या वस्तूत आपला स्वार्थ, भूक, लोभ, भीती गुंतलेली नसेल तेव्हा. ज्यांना हे मराठीतून नीट समजून घ्यायचंय त्यांनी रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' वाचावी. १९७४ चं पुस्तक आहे, अजून त्याला पर्याय नाही. (गंमत बघा, ह्यूमच्या हातात वाइन, कांटच्या हातात वाइन. दारूनं घर बसलेल्या माणसाची साक्ष दोघांनीही काढली नाही.)

या हिशेबानं बाईंचं मत बाद. त्यांचं आयुष्य मधे आलं. मग आम्ही आपल्याकडचं बघितलं. अभिनवगुप्त काश्मीरचा, दहाव्या-अकराव्या शतकातला. त्यानं रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितलीत. त्यातलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखानं ग्रासलेला असणं. ज्याच्या घरी आज वाईट घडलंय तो नाटकात कसा रमणार? तेव्हा इथंही बाई अडल्या असं वाटतं. पण अभिनवगुप्त पुढं उपाय सांगतो. हे विघ्न दूर करायला नाटकात गाणं-बजावणं असतं, म्हणतो. मंडप, वाद्यं, गायन यांनी माणसाचं मन त्याच्या घरच्या काळजीतून उचलून इथं आणायचं. म्हणजे विघ्न दूर करण्याची जबाबदारी त्यानं नुसती प्रेक्षकावर टाकली नाही. ती प्रयोगावरही टाकली.

आता आमचा पेच कळेल तुम्हाला. बाईंच्या बाबतीत उपाय म्हणून जे गाणं यायचं, तेच विघ्न होऊन आलं. चाल म्हणते घरचं विसर, शब्द म्हणतो आठव. मग 'ह्येच्यावर नाचता येत नाही' हे वाक्य फक्त त्यांच्या आयुष्याबद्दल आहे का? आम्हाला वाटतं, नाही. ते गाण्याबद्दलही आहे. या गाण्यात विषय आणि चाल यांच्यात एक अंतर आहे, आणि त्याची सगळी मजा त्या अंतरावरच उभी आहे. आम्ही बाकीचे ते अंतर न बघता उडी मारून पलीकडं गेलो. बाईंना ते दिसलं, कारण त्यांना उडी मारता येत नव्हती. ह्यूमच्या भाषेत किल्ली त्यांनाही लागली, फक्त जिभेला न लागता दुसरीकडं लागली.

पटत नसेल तर 'स्ट्रेंज फ्रूट' परत आठवा. तिथं निःस्वार्थपणे ऐका, आयुष्य मधे आणू नका, असं कोणी म्हणालं तर आपण त्याला जाणकार म्हणणार नाही, बधिर म्हणू. काही गाणी ऐकणाऱ्याचं आयुष्य मधे यावं म्हणूनच केलेली असतात. आपल्याकडचे आंबेडकरी जलसे घ्या. वामनदादा कर्डकांचं गाणं ज्या माणसानं ज्या वस्तीत बसून ऐकलं, त्याच्या मतातून ती वस्ती काढून टाकली तर मत शिल्लकच राहत नाही.

पण म्हणून आम्ही दुसऱ्या टोकाला जाणार नाही. ज्याला जे वाटतं ते सगळं सारखंच मोलाचं, असं म्हटलं की बैठक संपलीच. मग बोलायचं कशाला? साउंडवाल्या पोराचं 'बेस कमी' हे मत त्याच्या मशीनबद्दल होतं, लॉर्नाबद्दल नव्हतं. त्या काळच्या मुद्रणात खर्जाचा स्वर आजच्यासारखा उतरत नसे, हे सांगितल्यावर त्यानं मत बदललंही. शिक्षकांना आम्ही तीच चार गाणी पुन्हा पुन्हा ऐकवली, तेव्हा 'पिसो' ऐकून ते म्हणाले, "पिसो म्हणजे पिसा की हो, वेडापिसा." मग ओरडण्याची तक्रार थांबली. शब्द आपला निघाला की आवाजही जवळचा होतो. म्हणजे मत हलतं, आणि कारणांनी हलतं. जे मत कशानंच हलत नाही त्याला आम्ही आवड म्हणू, तिच्याशी भांडण नाही. बाईंचं मत आम्ही हलवायचा प्रयत्न केला नाही. पण त्यांनी आमचं हलवलं. पाटणकर सौंदर्यविचाराला दोन ध्रुव असतात म्हणतात, एक कलेला जगण्यापासून अलग करणारा, दुसरा जगण्याशी बांधणारा. आयुष्यभर आम्ही पहिल्या ध्रुवाजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. ती थोडी सरकली.

आता शेवटची गोष्ट. आठवड्याभरानं त्या बाईंनी भांडी घासता घासता विचारलं, "सर, ती बाई पुढं काय गायली?" आम्ही सांगितलं की त्या वीस-बावीस वर्षं गायल्याच नाहीत, मग परत आल्या. त्यांनी हात थांबवले. "मग आपण ऐकलं त्यात ते कुठं आलं?"

कुठं आलं? आम्ही यादी काढून बघितली. सुरुवातीचं एक गाणं आणि १९९५ नंतरचं एक गाणं लागोपाठ होती. मधली दोन दशकं म्हणजे दोन गाण्यांच्या मधली दोन सेकंदांची शांतता. संकलन हे असं करतं, त्याचा स्वभावच आहे. ऐन तिशीपासून पन्नाशीच्या उंबऱ्यापर्यंतचा गायिकेचा आवाज, जो कदाचित सगळ्यात पिकलेला असता, तो कुठल्याच यादीत नाही, कारण तो मुद्रितच झाला नाही. सगळी गाणी एकसारखी वाटली म्हणणाऱ्या बाईंना आम्ही ही दोन गाणी परत शेजारी शेजारी ऐकवली. या वेळी त्यांना फरक कळला. पहिल्यातला आवाज वर झेपावतो. नंतरचा जरा जाड झालाय, खालच्या सुरात जास्त थांबतो, आणि ते मागं राहून बरोबर पोचणं मात्र जसंच्या तसं आहे.

प्रश्नांकडं वळू. एक चिठ्ठी आलीये, की नवख्यानं यादी ऐकावी की पूर्ण तबकडी? यादीनं सुरुवात करा, हरकत नाही. पण गाणी ज्या सालांची त्या क्रमानं लावून ऐका, आणि ज्या वर्षांची गाणी नाहीत ती वर्षंही कागदावर लिहून ठेवा. दुसरा प्रश्न माजलगावहून आहे... हं, जरा मोठ्यानं वाचा, आम्हाला या कानानं कमी येतं.